लष्कर उठून गेल्यावर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या खलाशांसाठी एक वाटाड्या लिहिला. ‘पेरिप्लस’ या नावानं इतिहासकार तो ओळखतात. कुठल्या बंदरात काय खपतं, काय भरून न्यावं, कुठल्या खाडीत ओहोटी दगा देते, अशी सगळी कामाची माहिती त्यात आहे. बरिगाझाबद्दल, म्हणजे आपल्या भडोचबद्दल, तो फार बारकाईनं लिहितो. आणि लिहिता लिहिता सांगून जातो, की या मुलखात सिकंदराच्या स्वारीच्या खुणा अजून पाहायला मिळतात : जुनी देवळं, लष्करी तळांचे पाये आणि मोठमोठ्या विहिरी.

सिकंदर गुजरातेत कधी आलाच नव्हता. इ. स. पूर्व ३२६ मध्ये बियास नदीवरून त्याचं सैन्य मागे फिरलं, सिंधूच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत उतरलं आणि बलुचिस्तानच्या रखरखाटातून पश्चिमेला निघून गेलं. हाच लेखक थोडं पुढे सांगतो, की भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या राजांची जुनी नाणी अजून चालतात. हे इंडो-ग्रीक राजे सिकंदरानंतर दीड-दोनशे वर्षांनी झाले. नाण्यांवरची ग्रीक अक्षरं बघून त्यानं सगळं श्रेय सिकंदराच्या खात्यावर टाकलं असावं. पण त्यानं पाहिलेले किंवा ऐकलेले ते पाये कशाचे होते? एखाद्या गढीचे, धरणाच्या बांधाचे, की खरोखरच कुठल्या सैन्याच्या तळाचे? उंचवट्याकडे बोट दाखवून ‘इथे अमक्याची फौज उतरली होती’ असं म्हणायला काही लागत नाही. ते सिद्ध करायला मात्र एक अख्खं शास्त्र लागतं.

ते शास्त्र रोमन सैन्याच्या तळांवर वाढलं. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत बसून त्याबद्दल लिहावंसं वाटण्याचं कारण असं, की हा सगळा पट्टा फौजांच्या येण्याजाण्याचा आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीकडून, म्हणजे दक्षिणेच्या बाजूनं सुरतेवर आले. नवसारी-उधना ही वाट आजही तीच दिशा धरून शहरात शिरते. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत महाराजांचा तळ पडला आणि चार-पाच दिवसांनी उठलाही. १६७० च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले. खानदेशातून इथे लूमवर कामाला आलेल्या आमच्या पिढ्या उधना-जळगाव रेल्वेनं ज्या बाजूनं आल्या, ती बऱ्हाणपूरची बाजू. त्याही वाटेनं शतकानुशतकं लष्करं आणि तांडे आले-गेले. यातल्या एकाही तळाची जमिनीतली खूण आजवर कुणी शास्त्रशुद्धपणे शोधलेली माझ्या वाचनात नाही. जे माहीत आहे ते सगळं कागदांतून.

रोमन सैन्य मात्र इथवर आलं नाही. रोमन माल आला. डिंडोलीपासून जवळच, तापीकाठच्या कामरेजला २००३ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा हिंदी महासागरातल्या त्या जुन्या व्यापाराचे अवशेष मिळाले. पेरिप्लसमधलं ‘कम्मोनी’ हे गाव म्हणजे हेच कामरेज, असं काही संशोधक मानतात. सैनिकांची सीमा कुठे होती, तेही एका शिलालेखातून कळतं. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाजवळ, आजच्या सौदी अरेबियाच्या फरासान बेटांवर दुसऱ्या ‘त्रायाना’ लीजनच्या, म्हणजे रोमन पलटणीच्या, तुकडीचा लॅटिन लेख सापडला आहे. तो इ. स. १४४ च्या सुमाराचा. भडोचला येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर रोमन शिपाई तिथवर पहारा देत होते.

आता तळाकडे येऊ.

रोमन फौज कूच करत असली, की रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागी आधी खणायला लागायची. पोलिबियस या ग्रीक इतिहासकारानं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात याचं तपशीलवार वर्णन केलं आहे. काही अधिकारी पुढे जाऊन जागा निवडत. सेनापतीचा तंबू जिथे लागायचा तिथे पांढरं निशाण रोवलं जाई, बाकीच्या ठरलेल्या जागांवर तांबडी निशाणं. त्या निशाणांवरून दोऱ्या धरून रस्ते आखले जात. मागून येणाऱ्या प्रत्येक तुकडीला आपली जागा न विचारता ठाऊक असे. मग चौफेर खंदक, त्याची माती आत टाकून उभा केलेला बांध, आणि बांधावर शिपायांनी पाठीवर वाहून आणलेले टोकदार लाकडी खुंट. एका तंबूत आठ शिपाई, दहा तंबूंची एक तुकडी. तंबू चामड्याचे. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा इथे ओल्या, हवाबंद मातीत या तंबूंचे कातडी तुकडे शिवणीसकट टिकून राहिले आहेत.

वरून पाहिलं तर हा तळ पत्त्याच्या पानासारखा दिसतो : लांबट चौकोन, कोपरे गोल. दारं कशी राखली आहेत तेही ओळखीचं. कधी दाराच्या समोर थोडं अंतर सोडून खंदकाचा एक तुकडा आडवा खणलेला, कधी बांधाचं टोक कोयत्यासारखं आत वळवलेलं. धावत येणाऱ्या शत्रूला वळसा घ्यायला लावायचा आणि त्याची उघडी बाजू बांधावरच्या शिपायांसमोर आणायची. सकाळी उठताना फौज तंबू गुंडाळी, खुंट उपटून घेई. खंदक तिथेच राही. एका रात्रीसाठी केलेलं ते काम दोन हजार वर्षांनी सापडतं.

सापडतं कसं, याची गोष्ट उंचावरून पाहण्याची आहे. अठराव्या शतकात विल्यम रॉय या लष्करी सर्वेक्षकानं स्कॉटलंडच्या माळांवर तेव्हा दिसणारे तळ नकाशावर उतरवले. त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १७९३ मध्ये निघालं. त्यातल्या काही तळांचे बांध पुढे नांगराखाली गेले आणि आता रॉयचा नकाशा हाच त्यांचा मुख्य पुरावा आहे. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करणाऱ्या माणसांना शेतांत चमत्कारिक रेषा दिसू लागल्या. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हा त्यांतला एक. सीरियाच्या वाळवंटावरून फादर पोआदबार यांनी विमानातून रोमन सरहद्दीची छायाचित्रं घेतली, ती १९३४ मध्ये ग्रंथरूपानं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजचे सेंट जोसेफ वर्षानुवर्षं ब्रिटनवरून उडत राहिले आणि एकामागून एक तळ नकाशावर येत गेले.

या रेषांमागचं कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. जुना उकिरडा जिथे होता तिथली ज्वारी दोन बोटं उंच आणि जास्त काळीभोर येते, हे त्यानं पाहिलेलं असतं. बुजलेल्या खंदकाचंही तसंच. भरावातली माती खोल, भुसभुशीत आणि ओल धरणारी. पावसानं ओढ दिली की आजूबाजूचं पीक पिवळं पडतं, खंदकावरचं हिरवं राहतं. गाडलेल्या दगडी पायावर उलटं होतं. म्हणून दुष्काळी उन्हाळे पुरातत्त्वज्ञांना फळतात. युरोपात २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात अशा खुणा मोठ्या संख्येनं उमटल्या.

जंगलाखालच्या तळांसाठी आता लायडार आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरचे लाखो ठोके खाली सोडतात. बहुतेक पानांवर आपटून परत येतात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. नेमके तेवढेच वेगळे काढले, की संगणकावर झाडं नाहीशी होतात आणि उघड्या जमिनीचा चढउतार उरतो. वीतभर उंचीचा बांधसुद्धा तिरप्या उजेडात धरावा तसा वर येतो. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागात २०२३ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, कोल्म ला रुंगा या जागी, असा रोमन तळ लायडारवर दिसला. तिथून खालच्या घळीत इ. स. पूर्व १५ च्या सुमारास झालेल्या लढाईचं रणांगण आधीपासून माहीत होतं. तळावर गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, त्यांवर तिसऱ्या लीजनचा शिक्का होता. खालच्या रणांगणावरही त्याच लीजनच्या गोळ्या. वरचा तळ आणि खालची लढाई यांची गाठ त्या शिशानं बांधली.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या मायकेल फ्रॅडली आणि सहकाऱ्यांनी उत्तर अरबस्तानच्या वाळवंटात, जॉर्डनपासून सौदी अरेबियाच्या दिशेनं एका रांगेत असलेले तीन तळ प्रसिद्ध केले. ते कुणालाही उघडता येणाऱ्या उपग्रहचित्रांवर दिसले होते. इ. स. १०६ मध्ये रोमनांनी नबाती राज्य गिळलं, त्या मोहिमेच्या वाटेवरचे ते असावेत असा त्यांचा तर्क आहे. पेट्राचं ते राज्य लढाईशिवाय रोमकडे गेलं, असं बराच काळ मानलं जाई. वाळूतले ते तीन चौकोन त्या समजुतीवर प्रश्न उभा करतात.

आणि मसादा. मृत समुद्राकाठचा हा डोंगरी किल्ला रोमनांनी इ. स. ७३-७४ च्या सुमारास वेढला. पायथ्याचे आठ तळ आणि वेढ्याची दगडी भिंत आजही उघड्या डोळ्यांनी दिसते, कारण तिथे पाऊस फारसा नाही आणि नांगरही नाही. वेढा दोन-तीन वर्षं चालला असं लोक सांगत आले. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ड्रोनच्या मोजणीवरून भिंतीचं आकारमान काढलं, एक शिपाई दिवसाला किती दगड रचू शकतो याचा हिशेब लावला आणि भिंत साधारण दोन आठवड्यांत उभी राहिली असणार, असं दाखवलं. सगळा वेढा त्यांच्या मते काही आठवड्यांचाच. दगड मोजून दंतकथेची वर्षं कमी झाली.

हे सगळं वाचताना मन खंदकापाशी अडतं. रोमन खणत होते म्हणून सापडतात. आपल्याकडची हलकी घोडदळाची फौज, जिचं बळच वेगात होतं, ती कशाला खंदक खणत बसेल? मग हे शास्त्र आपल्या काय कामाचं?

खरं तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत या संशोधनातला सर्वांत सुपीक भाग खंदकाच्या आतला आहे. आधीच्या पिढ्यांनी खंदक छेदला, दारं मोजली आणि तळाचा आतला भाग मोकळं रान म्हणून सोडून दिला. तंबूंच्या तळात काय मिळणार? मिळालं ते फार साधं होतं, आणि त्यानंच चित्र बदललं.

स्कॉटलंडमध्ये एअर नावाचं गाव आहे. तिथे शाळेची नवी इमारत बांधायची होती. बांधकामाआधी पुरातत्त्वाचं काम झालं, तेव्हा शेतात सव्वीस भट्ट्या उघडल्या. प्रत्येकीचा आकार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा : एका वर्तुळात भाकरी भाजायची भट्टी, तळाला दगडी फरशा, वर मातीचा घुमट जो कोसळून भाजलेल्या तांबड्या ढेकळांच्या रूपात उरला होता, दुसऱ्या वर्तुळात बसून निखारे ओढायची जागा, काळ्या राखेनं भरलेली. भट्ट्यांच्या दोन समांतर रांगा, मध्ये तीस मीटर अंतर. म्हणजे रांगांमध्ये तंबू असावेत. कोळशाच्या कार्बन-१४ मोजणीवरून काळ निघाला इ. स. ७७ ते ८६. ॲग्रिकोला या सुभेदारानं स्कॉटलंडवर स्वारी केली तो हाच काळ. शिपाई तिथे थोडेच दिवस होते. पण भाजलेली माती कुजत नाही, विरघळत नाही.

अबर्डीनशायरमधल्या किंटोरचा तळ याहून मोठा. तिथे २००० ते २००६ या काळात घरांच्या वसाहतीआधी विस्तीर्ण उत्खनन झालं आणि अशा दीडशेहून जास्त भट्ट्या मिळाल्या. तळ निव्वळ एका मुक्कामाचा नव्हता, तो पुन्हा वापरला गेला असावा, अशी चर्चा त्या भट्ट्यांतून सुरू झाली. दोन्ही ठिकाणी शोध लागला तो बांधकामामुळे. जमीन खोदली जाणारच होती, फक्त जेसीबीच्या आधी पुरातत्त्वज्ञाला काही आठवडे मिळाले. ही व्यवस्था मला त्या भट्ट्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

भट्टी न खणताही शोधता येते. मातीत लोहाची बारीक खनिजं असतात. चूल पेटली की ती सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतात आणि आपलं जुनं चुंबकत्व विसरतात. निवताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून पुन्हा चुंबकीय होतात, आधीपेक्षा जास्त ताकदीनं. मॅग्नेटोमीटर हे उपकरण घेऊन शेतात ओळीनं चालत गेलं, की नकाशावर अशा जागा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी उमटतात. एखादा ठिपका काहीही असू शकतो. ठरावीक अंतरावर रांगेत आलेले ठिपके माणसांनीच मांडलेले.

याहूनही क्षुल्लक वस्तू म्हणजे चपलेचा खिळा. रोमन शिपायाच्या चपलांच्या तळव्यांना लोखंडी खिळे ठोकलेले असत आणि चालताना ते गळत. जर्मनीत ट्रिअरजवळ हर्मेस्काइल इथे एक जुना बांध गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, पण तो कशाचा यावर एकमत नव्हतं. माइन्झ विद्यापीठाच्या साबीने होर्नुंग यांनी २०१० पासून तिथे उत्खनन केलं. एका दाराची दगडी फरसबंदी लागली आणि त्या फरशांच्या फटींत अडकलेले चपलांचे खिळे. काहींच्या माथ्याच्या आतल्या बाजूला क्रूसासारख्या रेघा आणि चार ठिपके. ही घडण सीझरच्या काळातली. त्यावरून आणि इतर वस्तूंवरून हा जर्मनीतला आजवरचा सर्वांत जुना रोमन लष्करी तळ ठरला, सीझरच्या गॉलमधल्या युद्धाचा. दारातून आत-बाहेर करणाऱ्या शिपायाचा पाय फटीत अडकतो, खिळा निघतो, तो पुढे जातो. शिलालेखापेक्षा हा पुरावा मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो कुणी मुद्दाम ठेवलेला नाही.

पण त्याला एक अट आहे. खिळा कुठे मिळाला हे सेंटिमीटरपर्यंत नोंदलेलं असायला हवं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर १९८३ मध्ये गवताला आग लागली आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक घेऊन ओळीनं चालत प्रत्येक काडतूस जिथल्या तिथे मोजलं. त्या ठिपक्यांतून कोण कुठून कुठे सरकत लढलं, हे समजलं. हौशी माणसानं तीच काडतुसं उचलून डब्यात भरली असती, तर हाती फक्त भंगार आलं असतं.

आता आपल्या तळांकडे. १८०९ सालची गोष्ट. दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत ब्रिटिश रेसिडेंटच्या पथकात टॉमस ब्रॉटन नावाचा अधिकारी होता. त्यानं तिथून लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्यात तळ कसा पडतो ते आहे. बिनीवाले पुढे जातात. मुक्कामाच्या जागी महाराजांच्या देवडीसाठी एक लहान पांढरं निशाण रोवतात. मग एकेका बाजाराची निशाणं लागतात, शक्य तितक्या सरळ रेषेत, आणि दुकानांच्या रांगांची एक पेठ पुढून मागे साऱ्या लष्करातून जाते. तिची लांबी पुष्कळदा तीन-चार मैल. सरदारांचे गोट त्या पेठेच्या दोन्ही अंगांना.

पोलिबियसचं पांढरं निशाण आणि बिनीवाल्यांचं पांढरं निशाण यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचं अंतर. एकानं दुसऱ्याचं पाहून केलेलं नाही. हजारो माणसं, जनावरं अंधार पडायच्या आत बसवायची, तर कुणीतरी आधी जाऊन एक ठळक बिंदू ठरवावा लागतो आणि बाकी सगळं त्यावरून मोजावं लागतं. मराठ्यांचा तळ म्हणजे नुसता गोंधळ, ही इंग्रजी पुस्तकांतून पसरलेली समजूत ब्रॉटनच्याच वर्णनानं खोटी ठरते. विसाजी कृष्णांसारख्या सरदाराच्या नावापुढे बिनीवाले ही ओळख कायमची लागावी, इतकं ते काम मोलाचं होतं.

मग जमिनीत काय उरेल? रोमन तळाची कडा सापडते, मराठी तळाचा कणा सापडायला हवा : ती पेठ. दुकानांच्या रांगा, पडलेली नाणी, फुटकी भांडी, तुडवून घट्ट झालेली माती. तिच्या बाजूंना चुली. आपल्याकडे भट्टी नाही, तीन दगडांची चूल, पण तिच्याखालची माती तशीच भाजते. घोड्यांच्या आगाडी-पिछाडीच्या मेखा ओळीनं ठोकलेल्या असत, त्यांची भोकं आणि मोडकी टोकं. नालबंदाच्या बैठकीपाशी गळलेले नालांचे खिळे. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या. आणि जिथे घोडी बांधली तिथल्या मातीत फॉस्फेट. लीद-मूत्रातलं हे द्रव्य मातीच्या कणांना धरून बसतं आणि शतकांनंतरही प्रयोगशाळेत मोजता येतं.

खंदकाचे तळही आपल्याकडे आहेत. पानिपतात १७६० च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंनी गावाला आणि लष्कराला धरून खंदक खणला. काशीराज पंडिताच्या हकिकतीत त्याची रुंदी साठ फूट आणि खोली बारा फूट दिली आहे. एवढा खंदक बुजला तरी त्याचा भराव सहज ओळखू यावा असा असणार. पण आजचं पानिपत हे सुरतेसारखंच कापडाच्या धंद्यानं फुगलेलं शहर आहे. औरंगजेबाचा तळ तर चालतं शहरच होता. १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगली इथे त्याला भेटायला गेलेला इटालियन प्रवासी जेमेली कारेरी त्याचा घेर तीस मैल सांगतो. त्यानंतर बादशहानं भीमेकाठी ब्रह्मपुरीला, मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला, चार वर्षं छावणी केली. तिथला किल्ला उभा आहे. किल्ल्याबाहेर एवढी माणसं चार वर्षं राहिली, त्यांच्या चुली आजूबाजूच्या शेतांखाली असल्याच पाहिजेत.

युरोपातली पद्धत इथे जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही सांगायला हवं. पहिली अडचण काळी जमीन. दख्खनपासून दक्षिण गुजरातपर्यंतची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. वर पडलेला खिळा त्या भेगेतून खाली जातो, खालचा खडा वर येतो. वरचा थर नवा, खालचा जुना हा पुरातत्त्वाचा पहिला नियम अशा रानात डळमळतो. दुसरी अडचण बेसॉल्ट. आपला हा खडक आणि त्याची माती मुळातच चुंबकीय, त्यामुळे मॅग्नेटोमीटरच्या नकाशावर चुलीचा क्षीण ठिपका गोंगाटात हरवू शकतो. तिसरी नद्यांची. तापीच्या सपाटीवर पुरांचा गाळ साचत आला आहे. गाळ खुणा लपवतो तसा जपतोही, कारण वरून फिरणारा नांगर खालच्या थराला शिवत नाही. गाळाचं वयही काढता येतं : त्यातले गारेचे कण शेवटचे उन्हात कधी होते हे त्यांच्यात साठलेल्या ऊर्जेवरून कळतं. पोर्तुगालमधल्या लोम्बा दो मोउरो इथला रोमन तळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला, हे याच दीप्तिमापनानं ठरलं.

म्हणून मला वाटतं, सुरुवात शहरातून करू नये. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेवर आज शहराचे थरांवर थर आहेत. तो तळ शोधण्याची वेळ गेली, असं मान्य करावं. सुरुवात माचणूरच्या शेतांतून करावी, किंवा खर्ड्याच्या, जिथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम समोरासमोर आले. तिथे तारीख पक्की आहे, जागा बरीचशी पक्की आहे आणि जमीन अजून शेतीखाली आहे. त्या ओळखीच्या जागी काळ्या मातीत चूल उपकरणावर कशी दिसते, मेखेचं भोक कसं दिसतं, याचा एकदा अंदाज आला की अनोळखी जागी बोलता येईल.

आणि दरम्यान डिंडोलीत? खरवासाकडे जाताना अजून न बांधलेली शेतं लागतात. टी. पी. स्कीमचा, म्हणजे नगररचनेचा, रस्ता आखला जातो, पाठोपाठ पायाचे खड्डे. एखाद्या ताज्या खड्ड्याची उभी बाजू पाहिली तर वर भराव, मग काळा थर, मग पिवळसर गाळ असे पट्टे सरळ वाचता येतात. त्या काळ्या थरात तांबूस, भाजल्यासारखी माती आणि कोळसा दिसला, तर काठावर काही ओळखीची वस्तू ठेवून फोटो काढावा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावेत आणि पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाच्या विभागाला कळवावं. वस्तू उचलू नये. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान चीज सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, हे खोदकाम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

सापडलं तरी ते लष्कराचंच असेल असं नाही. या वाटांवर फौजांपेक्षा बंजाऱ्यांचे तांडे जास्त वेळा उतरले, धान्य आणि मीठ घेऊन, हजारो बैलांसह. त्यांच्याही चुली रांगेत, त्यांचीही जनावरं दावणीला. फरक सांगतील ते लोखंडाचे तुकडे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला ठोकायच्या पत्र्या दोन, पातळ आणि चंद्रकोरीसारख्या. घोड्याचा खूर अखंड, त्याची नाल एकच, जाड आणि वाकवलेली. एका शेतातून जागा नोंदून गोळा केलेल्या गंजक्या तुकड्यांचा एक्स-रे काढला, की गंजाच्या आतला मूळ आकार दिसतो. पत्र्या जास्त निघाल्या तर तळ तांड्याचा. नाला जास्त निघाल्या आणि सोबत शिशाच्या गोळ्याही असल्या, तर पागेचा.